नाताळचे ताट आणि रानचा मेवा

(आगमनकाळासाठी शास्त्रपाठ)

वाचन: नहेम्या 8:9-12, योहान 4:4-9, योहान 6:5-13, रोमकरांस 14:13-21



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आगमनकाळ सुरू झालेला असेल. शहरातल्या घरांत मैदा, लोणी, बेदाणे यांच्या याद्या होत असतील. आमच्या गोंदिया जिल्ह्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या जंगलालगतच्या गावांत याच दिवसांत धानाची मळणी चाललेली असते. घरात धान असते, पण हातात रोकड नसते. आधारभूत केंद्रावर धान दिले तरी चुकारे मिळायला वेळ लागतो. आणि नेमक्या याच वेळी घराघरांत प्रश्न येतो, नाताळात काय करायचे?

हा प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. नाताळ म्हणजे केक आणि बिर्याणी, आणि ती नसेल तर आपला नाताळ कमी दर्जाचा, असे आमच्या लहान लहान मंडळ्यांतल्या अनेकांना वाटू लागले आहे. काही घरांनी एका दिवसाच्या जेवणासाठी उसने पैसे घेतलेले मी पाहिले आहेत. त्या पैशांनी आणलेला केक दोन दिवसांत संपला. ते फेडण्यासाठी मात्र पुढच्या एप्रिलात वेचलेली मोहफुले विकावी लागली. म्हणजे आपल्या रानातला गोडवा विकून दुकानातला गोडवा आणला, तोही उधारीवर. म्हणून या वेळी नाताळच्या ताटाविषयी देवाचे वचन काय शिकवते, ते आपण पाहू.

1. शास्त्राने नाताळचा पदार्थ ठरवून दिलेला नाही

लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचा. त्यात मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत, बाळंते आहे, गव्हाणी आहे. जेवणाचा मात्र उल्लेखच नाही. बेथलेहेम या नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा होतो, आणि गव्हाणी ही जनावरांना चारा घालण्याची जागा. जगाचा तारणारा भाकरीच्या घरात, चारा घालण्याच्या जागी निजवला गेला, एवढेच आपल्याला कळते. त्या रात्री कोणी काय खाल्ले, हे पवित्र आत्म्याने लिहून ठेवलेले नाही. जे शास्त्राने सक्तीचे केले नाही ते आपण गरिबाच्या गळ्यात बांधू नये.

पण सणाच्या जेवणाविषयी शास्त्र गप्प नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितले जाते की आज शोक करू नका, उत्तम ते खा, गोड ते प्या आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा. सणाच्या जेवणाची शास्त्रातली ओळख ही अशी आहे. त्यात आनंद आहे, गोडधोड आहे, आणि ज्याच्या चुलीवर काही नाही त्याचा वाटाही आहे. पदार्थ कोणता, हे ज्या त्या देशावर सोडलेले आहे.

2. जिथली मंडळी, तिथले ताट

जगभरच्या विश्वासणाऱ्यांकडे पाहिले तर हे स्पष्ट दिसते. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी मांस न घेता 12 पदार्थ करतात, आणि अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवतात. इथिओपियातील ख्रिस्ती लोक 7 जानेवारीला सण पाळतात. लांब उपवासानंतर त्या दिवशी कोंबडीचे तिखट कालवण आणि आंबवलेल्या पिठाची इंजेरा खातात. ग्रीनलंडच्या बर्फाळ किनाऱ्यावर व्हेल माशाची कातडी आणि चरबी हा सणाचा घास असतो. मिझोरमच्या आदिवासी मंडळ्यांत नाताळला सगळे गाव मिळून सामुदायिक मेजवानी करते; तिला 'रुआई' म्हणतात. यांतले काही पदार्थ ऐकून आपण तोंड वाकडे करू. पण त्या घरांतल्या लेकरांसाठी तीच नाताळची चव आहे.

दूर कशाला जायचे? आपल्या मराठी मुलुखातच पाहा. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना या भागांतल्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, चिवडा असा फराळ होतो. वसई आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत फुगे तळले जातात. त्यांचे पीठ पूर्वी ताडीने आंबवत. गोव्यात तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ आटवून दोदोल करतात, आणि करंजीची बहीण असलेल्या नेवऱ्या करतात. हे सर्व ताटात भरून, रुमालाने झाकून शेजाऱ्यांकडे पाठवतात. शेजारी कोणत्या धर्माचा हे पाहत नाहीत. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल तिथे गोड करत नाहीत, पण शेजारचे त्यांच्याकडे वाटा पाठवतात. नहेम्याच्या दिवसांतली रीत ती हीच.

आणि केकचे काय? केक वाईट नाही. पण त्यातली दालचिनी, जायफळ आणि उसाची साखर या आपल्याच बाजूच्या वस्तू. त्या पूर्वेकडून युरोपात गेल्या. भारतातल्या पहिल्या नाताळच्या केकची एक गोष्ट सांगितली जाते. 1883 साली केरळातील तलश्शेरी येथे मंबली बापू नावाच्या बेकरीवाल्याकडे एका इंग्रज मळेवाल्याने नमुना दाखवून तसा केक मागितला. बापूंनी परदेशी ब्रँडीऐवजी तिथल्याच काजूच्या बोंडांचा आणि केळ्यांचा आंबवलेला रस वापरला, आणि केक पसंत पडला. म्हणजे आपल्या देशात केकसुद्धा रुजला तो इथल्या मातीची चव घेऊनच.

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आले, आणि मराठी मंडळीला त्यांनी अभंग, भजन, कीर्तन दिले. त्याआधी आपली बरीचशी गाणी परदेशी चालींवर होती. आज टिळकांची पदे म्हणताना हे ख्रिस्ती नाही असे कोणाला वाटत नाही. गाणे आपल्या चालीत चालते, मग ताट आपल्या चवीचे का चालू नये?

3. आमच्या भागातले ताट

आमचा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. डिसेंबरच्या अखेरीस गोंड, हलबा, कंवर यांच्या घरांत आणि त्यांच्या शेजारपाजारी जे मिळते, त्यातले काही पदार्थ इथे देते. यांतले बहुतेक विकत आणावे लागत नाहीत.

नव्या धानाचा भात आणि बोडीतले मासे. चिन्नोर, लुचई अशा जुन्या वाणांचा नवा तांदूळ शिजला की वास शेजारपर्यंत जातो. पाणी उतरू लागलेल्या बोडीतले लहान मासे आणि झिंगे यांचा झणझणीत रस्सा त्याबरोबर. बासमतीची उणीव भासत नाही.

अनारसे. तांदूळ भिजवून, सावलीत सुकवून, कुटून, गुळात मळून तळलेले. सीमेपलीकडे छत्तीसगडात याच जातीचा अइरसा होतो. खलबत्ता, तांदूळ आणि गूळ एवढ्यावर हा पदार्थ होतो.

पळसाच्या पानातली रोटी. तांदळाच्या पिठाची जाड रोटी पळसाच्या दोन पानांमध्ये ठेवून निखाऱ्यावर भाजतात. पान करपते आणि त्याचा वास रोटीत उतरतो.

शिंगाडे. तलावातले शिंगाडे या दिवसांत संपत आलेले असतात. उकडून मीठ लावले की लेकरांचा खाऊ. वाळवून दळले की शिऱ्याचे पीठ.

लाखोरीचे वडे. लाखोरी उभ्या धानात फेकून पेरतात. तिची डाळ भिजवून, जाडसर वाटून, लसूण, मिरची, कोथिंबीर घालून वडे तळतात. या दिवसांत लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते. एक सावधगिरी मात्र हवी. लाखोरीची डाळ रोजचे मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली तर पायांतली शक्ती जाण्याचा आजार होतो. म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे, आणि हा पदार्थ सणापुरता ठेवावा.

लाल मुंग्यांची चटणी. पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात झाडावर पानांची घरटी करणाऱ्या लाल मुंग्या आणि त्यांची अंडी मीठ-मिरचीबरोबर वाटतात. बस्तरमध्ये तिला चापडा म्हणतात. ओडिशातील मयूरभंजच्या अशा चटणीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोणाला किळस वाटत असेल तर मत्तय 3:4 वाचावे. प्रभूची वाट तयार करणाऱ्या योहानाचे अन्न टोळ आणि रानमध होते. त्याच्या ताटाकडे पाहून यरुशलेमच्या लोकांनी नाक मुरडले असेल. देवाने नाही मुरडले.

4. मोहाचे फूल आणि मोहाची दारू

मोहाविषयी वेगळे लिहावे लागते, कारण मंडळीत यावर मतभेद आहेत. दारूने अनेक घरे धुळीला मिळाली आहेत. ज्या बहिणीने नवऱ्याचा मार खाल्ला आहे तिला मोहाचे नावही नको वाटते, आणि मी तिला दोष देणार नाही. काही विश्वासणाऱ्यांनी मोहाची फुले वेचणेही सोडले आहे.

पण फूल आणि दारू एक नव्हे. द्राक्षापासून मद्य होते म्हणून कोणी द्राक्षवेल पापी ठरवत नाही. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून जास्त साखर असते. धान्य संपलेल्या वर्षांत याच फुलांनी आमच्या भागातल्या पिढ्या जगवल्या. देवाने निर्माण केलेले सर्व चांगले आहे आणि उपकारस्तुती करून घेतले तर टाकाऊ नाही, असे पौल तीमथ्याला शिकवतो (1 तीमथ्य 4:4). वनहक्क कायदा 2006 प्रमाणे गौण वनोपजावर वनात राहणाऱ्यांचा हक्क आहे, आणि 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरचे निर्बंधही शिथिल केले. जे आपल्या हक्काचे आणि देवाच्या देणगीतले आहे, ते दारूच्या भट्टीलाच का सोडून द्यावे?

मोहाचे लाडू असे करतात. दोन वाट्या वाळलेली मोहफुले घ्यावीत. प्रत्येक फुलातले केसर काढून टाकावे, फुले धुऊन उन्हात कोरडी करावीत. मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजावीत. जास्त भाजली तर कडू होतात. एक वाटी तीळ भाजावेत, हवे तर थोडे शेंगदाणे घ्यावेत. सगळे उखळात कुटले की फुलांच्या साखरेनेच चिकटते आणि गरम असतानाच लाडू वळता येतात. गुळाची गरज पडत नाही.

तरीही रोमकरांस 14 विसरू नये. दारू नुकतीच सोडलेला भाऊ पंगतीत असेल आणि मोहाच्या वासानेच त्याचे मन हलत असेल, तर त्या वर्षी तिळगुळाचे लाडू करावेत. आपल्या अन्नापेक्षा तो भाऊ मोलाचा आहे.

5. पाहुणा होण्याची कृपा

आता या पाठाचा मुख्य मुद्दा. योहान 4 मध्ये प्रभू येशू थकून विहिरीवर बसतो आणि एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. तिला आश्चर्य वाटते, कारण यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. प्रभूकडे जिवंत पाणी होते, तरी त्याने आधी तिच्याकडे मागितले. जक्कयाच्या घरी तो स्वतःहून पाहुणा म्हणून गेला. पाच हजारांना जेवू घालताना त्याने एका मुलाच्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या हातात घेतल्या. जव हे त्या काळी गरिबाचे धान्य. त्याऐवजी गहू आणा, असे प्रभू म्हणाला नाही. त्याच जवाच्या भाकरीवर त्याने उपकारस्तुती केली, आणि उरलेल्या तुकड्यांनी 12 टोपल्या भरल्या.

आम्ही सेवा करणारे नेहमी देण्याच्या बाजूला उभे असतो. कपडे देतो, ब्लँकेट देतो, नाताळला खाऊची पाकिटे देतो. घेणाऱ्याच्या मनात मात्र हळूहळू बसते की चांगले ते बाहेरून येते आणि आपल्याकडे देण्यासारखे काही नाही. एकदा एका पाड्यावर एक आजी चुलीजवळ वडे तळत होती. मी मागितला तेव्हा ती संकोचून म्हणाली, "ताई, हे तं गरिबाचं खानं होय जी. हे तुमाले कसं देऊ?" ते वाक्य मला कोणत्याही अहवालापेक्षा जास्त सांगून गेले.

त्याच भागातल्या एका घराची गोष्ट. मुलगा आणि सून प्रभूमध्ये आले. म्हातारी माय आली नाही. अंगण एक, पण चुली दोन झाल्या. मायने नव्या धानाचा घास आपल्या रीतीप्रमाणे आधी पूर्वजांना दिला म्हणून मुलगा तिच्याकडे जेवेना. आणि मुलगा जेवत नाही म्हणून माय त्याच्याकडे येईना. नाताळला मुलाने गावाहून बिर्याणी मागवली आणि मायला बोलावले. "ते तुमचं जेवन," म्हणून ती घरातच बसली. पुढच्या वर्षी सुनेने बिर्याणी मागवली नाही. आठ दिवस आधी ती सासूकडे जाऊन बसली आणि म्हणाली, "माय, मोहाचे लाडू मले जमत नाही, तुम्ही शिकवा ना." सासूने फुले निवडली, तीळ भाजले, उखळ धुतले. नाताळच्या दिवशी ती पंगतीत आली, कारण त्या पंगतीत तिच्या हातचे होते. तिने विश्वास धरला का, हे मला विचारू नका. ते देवाच्या हाती आहे. त्या दिवशी एका अंगणातली माणसे दोन वर्षांनी एकत्र जेवली, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

अर्पण केलेल्या अन्नाविषयी प्रश्न राहतोच. 1 करिंथकरांस 10:27-29 मध्ये पौल तो काळजीपूर्वक सोडवतो. समोर वाढलेले चौकशी न करता खावे. पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सदसद्विवेकासाठी खाऊ नये. नकार द्यावा लागला तर तो गोड शब्दांत द्यावा, आणि नातेवाइकांच्या श्रद्धेची टवाळी कधीही करू नये. तशीच काळजी आपण वाढताना घ्यावी. गोंड समाजातील कुळे आपल्या कुळचिन्हाचा प्राणी खात नाहीत. पाहुण्याचे कूळ कोणते, तो काय खात नाही, हे आधी विचारून घ्यावे. प्रीती आधी विचारते, मग वाढते.

6. या नाताळात काय करता येईल

मंडळ्यांसाठी: नाताळच्या जेवणासाठी कोणीही उसने पैसे घेऊ नयेत, असे वडीलमंडळींनी आगमनकाळातच सांगावे. एकाने तांदूळ, एकाने मासे, एकाने शिंगाडे, एकाने पळसाच्या पत्रावळी अशी वाटणी करावी. ज्या घरी आजार, मृत्यू किंवा नापिकी झाली आहे अशा घरांची यादी करावी, आणि पंगत बसण्याआधी त्यांचे वाटे पोहोचवावेत. ते घर मंडळीतले असो वा नसो. आजीबाईंना बोलावून मुलांना एक तरी जुना पदार्थ शिकवावा.

साहाय्य करणाऱ्या बंधुभगिनींसाठी: तुमच्या देणग्यांबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो, आणि शिक्षण व औषधोपचारासाठी त्यांची गरज आहेच. पण नाताळात आमच्या गावांत येणार असाल तर खाऊची पाकिटे कमी आणा आणि भूक जास्त आणा. पंगतीत खाली बसा. पत्रावळीवर जे येईल ते खा; प्रभूने आपल्या शिष्यांनाही तेच सांगितले होते (लूक 10:8). काही तिखट लागेल, काही अनोळखी वाटेल. पण ज्या आजीने "हे तुमाले कसं देऊ" म्हटले, तिला "आणखी वाढा" हे शब्द ऐकू द्या.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घरी नाताळचा कोणता पदार्थ होतो? तो कोणाकडून शिकलात?
2. नहेम्या 8:10 प्रमाणे या वर्षी आपण कोणाच्या घरी वाटा पाठवू? नाव ठरवा.
3. प्रभूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले. आपण गरीब शेजाऱ्याकडून शेवटचे काय मागून घेतले होते?
4. आपल्या ताटातल्या कोणत्या पदार्थाने एखाद्या भावाला अडखळण होऊ शकते?

प्रार्थनेचे विषय

धानाचे चुकारे वेळेवर मिळावेत म्हणून. दारूच्या बंधनातून सुटू पाहणाऱ्या भावांसाठी. एका अंगणात दोन चुली झालेल्या घरांसाठी. रानात आणि तलावांवर पोट भरणाऱ्या सर्वांसाठी, आणि ज्या घरी या नाताळात काही तयार नसेल त्या घरी आपल्यापैकी कोणीतरी वाटा घेऊन पोहोचावे म्हणून.